आंग्र्यांचे आरमार जेवणाच्या टेबलावर : ऐतिहासिक युद्धखेळाविषयी एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याला ऐतिहासिक युद्धखेळाचा छंद सुरू करायचा आहे, म्हणजे रंगवलेल्या छोट्या प्रतिकृती मांडून मोजपट्टी, फासे आणि लेखी नियमांच्या आधारे टेबलावर लढाया खेळायच्या आहेत. त्याची ओढ समुद्री लढायांकडे, त्यातही आंग्र्यांच्या आरमाराकडे आहे. शिवाय आपण इंदूरचे, तेव्हा होळकरांची महिदपूरची लढाईही कधीतरी मांडावी, असे त्याच्या मनात आहे. घरात जेवणाचे टेबल आहे, सोबतीला दोन मित्र आहेत आणि खर्चाला मर्यादा आहे. प्रतिकृती कोणत्या प्रमाणाच्या घ्याव्यात, नियम कोणते वापरावेत आणि आरंभ कोठून करावा, असे त्याने विचारले आहे.

प्रतिकृतींची खरेदी सर्वांत शेवटी करावी, हे माझे पहिले सांगणे आहे. या छंदात पडणारी बहुतेक तरुण मंडळी उलट क्रमाने जातात : आधी सुबक प्रतिकृती दिसतात, मग त्या मागवल्या जातात, मग त्या रंगवता रंगवता उत्साह संपतो, आणि लढाई काही मांडली जात नाही. त्याऐवजी आधी एक लढाई निवडावी आणि तिच्याविषयी एकच प्रश्न विचारावा : त्या दिवशी सेनापतीपुढे खरा पेच कोणता होता? तो पेच खेळाडूसमोर उभा करतील असे नियम शोधावेत किंवा स्वतः लिहावेत, नियमांवरून टेबलाचे माप ठरवावे, आणि टेबलाच्या मापावरून प्रतिकृतींचे प्रमाण ठरवावे. या क्रमाने गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, पहिले काही डाव पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उत्तम होतात आणि पैसे कशावर खर्चायचे हे त्या डावांतूनच उमगते.

तुमचा कल समुद्राकडे आहे म्हणून पहिला डाव समुद्री असावा. पण तो आंग्र्यांचा नसावा, कारण आंग्र्यांसाठी नियम तुम्हाला स्वतः घडवावे लागतील आणि त्याआधी तयार नियमांवर हात बसलेला बरा. १३ डिसेंबर १९३९ची, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळची रिव्हर प्लेटची लढाई यासाठी मी नेहमी सुचवतो. एका बाजूला जर्मनांची ग्राफ श्पे ही एकटी युद्धनौका, तिच्या दोन बुरुजांत, म्हणजे फिरत्या तोफाघरांत, २८ सेंटिमीटरच्या सहा तोफा. दुसऱ्या बाजूला ब्रिटिशांच्या तीन क्रूझर, त्यांपैकी एक्झेटरवर ८ इंची सहा तोफा आणि एजॅक्स व अकिलीस यांच्यावर ६ इंची प्रत्येकी आठ. एकूण जहाजे चार, बेटे नाहीत, उथळ पाणी नाही, आणि पेच अगदी स्वच्छ आहे : ब्रिटिश कमोडोर हारवुड यांनी आपली जहाजे दोन दिशांना वळवल्यावर जर्मन कप्तान लांग्सडॉर्फ यांनी दोन्ही बुरूज एकाच शत्रूवर रोखायचे की दोघांत वाटायचे? प्रत्यक्षात एक्झेटरची दुर्दशा होऊन तिला लढाईतून बाहेर पडावे लागले, तरीही ग्राफ श्पे माँटेव्हिडिओ बंदराच्या आश्रयाला गेली आणि १७ डिसेंबरला तिच्याच लोकांनी ती बुडवली. हा डाव दोनदा बाजू बदलून खेळला की नियमावली कशाला म्हणतात हे पुरते कळते.

याच लढाईवरून प्रमाणाचा एक मूलभूत मुद्दाही स्पष्ट होतो. ग्राफ श्पेची लांबी १८६ मीटर होती. १:३००० या प्रमाणात, जे विसाव्या शतकातील नौकांसाठी बरेच रूढ आहे, तिची प्रतिकृती सुमारे ६ सेंटिमीटरची होते. पण त्या तोफांचा लढाऊ पल्ला सतरा-अठरा किलोमीटरांचा आहे, आणि तोच १:३००० प्रमाणात मोजला तर सहा मीटर होतो. म्हणजे जेवणाच्या टेबलावर, किंबहुना दिवाणखान्यातही, जहाजाचे प्रमाण आणि अंतराचे प्रमाण एक ठेवता येत नाही. अंतर आणखी आकसून घ्यावे लागते आणि प्रतिकृती समुद्राच्या मानाने अवाढव्य दिसते. फ्लेचर प्रॅट या अमेरिकन लेखकाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ केलेल्या खेळात हा प्रश्न टेबल सोडून देऊन सोडवला होता : जहाजे मोठ्या दालनाच्या जमिनीवर मांडायची, खेळाडूने नजरेने अंतराचा अंदाज लिहून द्यायचा, आणि मगच टेप लावून गोळा कोठे पडला ते पाहायचे. फाशांऐवजी नजरेची परीक्षा घेणारी ही पद्धत मला फार आवडते, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात गार फरशीवर रांगत ती खेळण्यात वेगळाच आनंद आहे. मात्र गुडघे तरुण असावे लागतात.

आता आंग्र्यांकडे येतो. शिडांच्या जहाजांसाठी पाश्चात्त्य नियमावल्या पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काही उत्कृष्ट आहेत. पण बहुतेकींच्या मुळाशी एकच चित्र असते, ते म्हणजे दोन्ही बाजूंची मोठी जहाजे एकामागे एक रांगेत चालली आहेत आणि कुशीवरच्या, म्हणजे जहाजाच्या बाजूंवरच्या, तोफांनी एकमेकांना भाजून काढत आहेत. कोकण किनाऱ्यावरची लढाई या चित्रात बसत नाही. ती तशीच बसवली तर आंग्र्यांची बाजू घेणारा खेळाडू दर वेळी हरतो, आणि मग कान्होजी आंग्र्यांपासून तुळाजीपर्यंत मुंबईकर इंग्रजांना आपल्या व्यापारी जहाजांबरोबर राखणीची जहाजे का द्यावी लागत होती, याचे उत्तर टेबलावर सापडत नाही. १७१८ मध्ये खांदेरी बेटावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांसह अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज चालून गेले आणि दोन्ही वेळा अपयश घेऊन परतले. हे अपयश ज्या नियमांत शक्यच होत नाही, ते नियम या काळासाठी निरुपयोगी समजावेत.

आंग्र्यांच्या जहाजांचे आणि लढण्याच्या रीतीचे नेमके वर्णन ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकातच करून ठेवले आहे, आणि नियम लिहिणाऱ्याला त्याहून अधिक उपयोगी मजकूर क्वचितच मिळेल. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण दीडशे ते तीनशे टनांचे, रुंद आणि उथळ बुडाचे जहाज; त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब पुढे आलेली, आणि नाळेकडे तोंड करून नऊ किंवा बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) दोन तोफा बसवलेल्या, त्याशिवाय कुशीवर सहा ते नऊ पौंडी तोफा. गलबत म्हणजे सहसा सत्तर टनांच्या आतले, एक मोठे त्रिकोणी शीड असलेले आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे वेगवान जहाज. लहान गलबतांवर खिळीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा, तर मोठ्यांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते माणसांनी खचाखच भरून एकत्र निघत. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत. गुराबा शत्रूच्या पिछाडीला येऊन नाळेच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या आणि दोर तोडत, आणि जहाज लुळे पडले की गलबतांमधले लोक चहूकडून त्यावर चढत.

या वर्णनातला प्रत्येक घटक नियमात उतरवता येतो. सर्वांत महत्त्वाचा आकडा वल्ह्यांच्या वेगाचा आहे. ऑर्मच्या म्हणण्याप्रमाणे गलबत वल्ह्यांवर ताशी चार मैल जाई, म्हणजे मिनिटाला सुमारे १०७ मीटर. प्रमाण १:१२०० धरले आणि एक पाळी म्हणजे एक मिनिट मानले, तर गलबताची चाल पाळीला ९ सेंटिमीटर होते. शिडांचे व्यापारी जहाज मंद वाऱ्यात दोन नॉट (म्हणजे ताशी दोन सागरी मैल) वेगाने चालले असेल, तर त्याची चाल पाळीला ५ सेंटिमीटर. चांगल्या वाऱ्यात सहा नॉट असेल, तर १५ सेंटिमीटर. साडेतीन नॉटच्या आसपास दोघांची बरोबरी होते. आंग्र्यांच्या युद्धपद्धतीचे सारे मर्म या बरोबरीच्या रेषेत आहे : वाऱ्याने मिळणारा वेग तिच्या खाली असेल तर शिकारी गलबत, वर असेल तर गलबताची शिकार होण्याचा संभव. म्हणून या खेळात वारा नुसता कोपऱ्यात बाण काढून दाखवायचा नसतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला त्याचा वेग तपासावा लागतो, आणि दोन्ही खेळाडूंची नजर एकमेकांच्या जहाजांपेक्षा त्या फाशावर अधिक असते. वल्हेकऱ्यांनाही मर्यादा हवी. पूर्ण जोराने सलग काही पाळ्या वल्हवल्यावर वेग निम्मा व्हावा आणि त्याच दमलेल्या लोकांना चढाईत वजा गुण मिळावा, म्हणजे खेळाडू दूरवरूनच धाव घेणार नाही.

एक सोयीची गोष्ट अशी की, या काळात जहाजाचे आणि अंतराचे प्रमाण एक ठेवता येते. परिणामकारक गोळीबार तीन-चारशे मीटरांच्या आतच होई. १:१२०० प्रमाणात ४०० मीटर म्हणजे ३३ सेंटिमीटर. तीस मीटर लांबीची गुराब अडीच सेंटिमीटरची होते, आणि ९० × १२० सेंटिमीटरच्या टेबलावर जवळजवळ दीड किलोमीटर लांबीचा समुद्र बसतो. तुमचे जेवणाचे टेबल याला पुरते. गलबते मात्र एकेकटी हलवू नयेत. तीन-तीन गलबते एका पट्टीवर चिकटवून तो एक ताफा मानावा, नाहीतर पाळी संपायला अर्धा तास लागतो आणि बाजूचा खेळाडू चहा करायला निघून जातो.

कोकणच्या वाऱ्याला दिनक्रम असतो, हे इंदुरात वाढलेल्यांना मुद्दाम सांगावे लागते. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा वाहतो, सकाळ चढता चढता तो मंदावतो, मध्ये बराच वेळ वारा पडलेला असतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा उचल घेतो. हल्ला करणाऱ्याला मधल्या त्या वारा पडलेल्या वेळातच शत्रू गाठायचा असतो. मिनिटामिनिटाच्या पाळीत संपूर्ण सकाळ मावणार नाही, म्हणून खेळ दोन भागांत करावा. पहिला भाग कागदी नकाशावर, अर्ध्या तासाच्या पाळीने : दोन्ही बाजू लपवून आपापले मार्ग लिहितात, तिसरा मित्र पंच म्हणून कोण कोणाला कधी दिसला ते सांगतो. गाठ पडली की त्या वेळचा वारा घेऊन दुसरा भाग टेबलावर सुरू होतो. पाठलाग करणाऱ्याने घाई केली तर मतलई अजून जोरात असताना लढावे लागते, उशीर केला तर खारा वारा शत्रूला सोडवून नेतो. पावसाळ्यातली लढाई मांडूच नये. आषाढ लागण्यापूर्वी जहाजे खाडीत ओढून ठेवली जात आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्र पुन्हा खुला होई.

प्रसंग म्हणून फेब्रुवारी १७५४चा घ्यावा. तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने एकत्र चाललेल्या तीन डच जहाजांना गाठले; त्यांच्यावर अनुक्रमे ५०, ३६ आणि १८ तोफा होत्या. मोठी दोन जाळली गेली आणि तिसरे पकडले गेले. कुशीवरच्या तोफांची बेरीज केली तर डचांची बाजू दुबळी मुळीच नव्हती, आणि म्हणूनच हा डाव रंगतो. डच खेळाडूचे उद्दिष्ट टेबलाच्या दक्षिण कडेने बाहेर पडणे हे असावे. त्याला काही खरे निर्णय द्यावेत : तिन्ही जहाजे जवळ ठेवावीत तर सर्वांत संथ जहाजाच्या वेगाने जावे लागते, विखुरली तर एकेकटी गाठली जातात. वारा पडल्यावर जहाजाची कूस शत्रूकडे वळवायची असेल तर होड्या पाण्यात सोडून नाळ ओढावी लागते. दोन पाळ्यांत ४५ अंश वळता यावे, पण तेवढी माणसे तोफांवरून कमी व्हावीत. एकदा एका कुशीवरून तोफा डागल्या की तीच कूस पुढच्या दोन पाळ्या रिकामी असावी. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेच्या सहासष्ट-सदुसष्ट अंशांच्या आत शिरू शकत नाही, त्रिकोणी शिडाचे त्याहून थोडे जवळ जाते, हेही तक्त्यात असावे. आंग्र्यांच्या खेळाडूला एकच कठोर नियम लावावा : शत्रूच्या डोलकाठ्या शाबूत असताना आणि तो चालता असताना चढाईचा प्रयत्न केला तर गलबतांचा ताफा बहुधा मोडावा. धीर धरून पिछाडीवरून मारा करत राहण्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, कारण प्रत्यक्ष लढणाऱ्यांना तो मिळत होता.

याच नियमांवर १६७९ चे खांदेरीचे युद्धही खेळता येते. त्या ऑक्टोबरमध्ये मराठ्यांच्या साठ-एक छोट्या जहाजांनी इंग्रजांच्या लहानशा ताफ्यावर झडप घातली, त्यांचे डव्ह हे जहाज पकडले, पण रिव्हेंज हे एकटे जहाज उलटून लढले आणि मराठी जहाजांना माघार घ्यावी लागली. एकाच रीतीचे यश आणि तिची मर्यादा एकाच दिवशी दाखवणारी ही लढाई नियमांची कसोटी म्हणून उत्तम आहे : दहा डावांत डव्ह बहुतेक वेळा पडले आणि रिव्हेंज बहुतेक वेळा वाचले, तर तुमचे आकडे ठीक आहेत. विजयदुर्गावरचा फेब्रुवारी १७५६चा इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांचा हल्ला मात्र टेबलावर कंटाळवाणा होतो. तिथे आंग्र्यांची जहाजे किल्ल्याखाली दाटीने बांधलेली होती, आग लागली आणि आरमार जळून गेले. खेळाडूला ठरवायला फारसे उरत नाही.

प्रतिकृतींचे सांगायचे तर गुराबा आणि गलबते तयार मिळण्याची वाट पाहू नये. अडीच सेंटिमीटरच्या जहाजाला तपशील लागत नाही. लांब टोकदार नाळ, उंच पिछाडी आणि डोलकाठ्यांची मांडणी एवढे बरोबर असले की दोन हातांवरून जहाज ओळखू येते. बाल्सा लाकूड किंवा आइस्क्रीमच्या काड्या घासून बूड करावे, टूथपिकच्या डोलकाठ्या आणि जाड कागदाची शिडे लावावीत. हे सामान खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत आणि सियागंजात फिरले की मिळते. फेविक्विक आणि एम-सील तर कोठेही. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, तेव्हा संगणकावर आराखडा काढून थ्रीडी प्रिंट करून घेणेही तुम्हाला अवघड नाही; एक गलबत नीट जमले की चाळीस काढता येतात. परदेशातून धातूच्या प्रतिकृती मागवण्यापूर्वी टपालखर्च आणि आयात शुल्क यांची चौकशी आधी करावी, कारण लहान पार्सलात हा वरचा भार फार जाणवतो.

महिदपूरसाठी मात्र निराळा विचार लागतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी ब्रिटिश सेनानी हिस्लॉप आणि माल्कम यांच्या सैन्याने क्षिप्रा ओलांडून होळकरांवर हल्ला केला. आदल्या दिवशीच होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची हत्या झाली होती, गादीवरचे मल्हारराव अवघे अकरा-बारा वर्षांचे होते, आणि नदीपलीकडे होळकरांच्या सत्तरच्या आसपास तोफा व कवायती पलटणी उभ्या होत्या. ब्रिटिशांच्या हलक्या तोफा होळकरी तोफांपुढे टिकेनात, तेव्हा पायदळाने थेट तोफांवर चाल केली. गोलंदाज आपल्या तोफांजवळच लढत पडले. ब्रिटिशांकडचे मेलेले आणि जखमी मिळून पावणेआठशेच्या घरात होते. पुढे ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला.

इथे पेच दोन आहेत. पहिला ब्रिटिशांचा : सैन्याला नदी ओलांडायला मुख्यतः एकच उतार (पायी पार होण्याची उथळ जागा), आणि तो तोफांच्या माऱ्यात. म्हणून टेबलावर सर्वांत काळजीने करायची गोष्ट म्हणजे नदी, तिचा उतार आणि पलीकडच्या काठाचा आडोसा. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला माती, भुसा आणि गोणपाट यांचा उपयोग शिकवावा लागत नाही. फक्त किल्ल्यावरचे मातीचे मावळे या प्रमाणात फार मोठे होतात, त्यांना बाजूला ठेवावे. उज्जैनवरून महिदपूर एका दिवसात पाहून येता येते, आणि हिवाळ्यात जावे म्हणजे लढाईच्या ऋतूतले पाणी दिसते. काठाची उंची, वळण आणि एका काठावरून दुसऱ्यावर काय दिसते हे डोळ्यांनी पाहिल्यावर नकाशातल्या रेषा निराळ्या वाटू लागतात. अर्थात दोनशे वर्षांत नदीकाठ बदलला आहे. जुन्या नकाशाशी ताडूनच माप घ्यावे.

दुसरा पेच होळकरांचा, आणि तो अधिक नाजूक आहे. होळकरांचा सरदार गफूरखान याच्या घोडदळाने ऐनवेळी मैदान सोडले, असे पुष्कळ वृत्तांतांत आहे. नियमांत ते निश्चित घडणारच असे ठेवले तर होळकरांच्या खेळाडूला खेळायला काही राहत नाही. आणि अजिबात ठेवले नाही तर ती लढाई महिदपूरची राहत नाही. माझी पद्धत अशी आहे की, प्रत्येक सरदाराच्या नावाची बंद चिठ्ठी पंचाकडे असते. तिच्यावर तो कोणत्या परिस्थितीत लढेल, थांबेल किंवा निघून जाईल ते लिहिलेले असते, आणि डाव सुरू होण्यापूर्वी चिठ्ठ्या बदलून टाकल्या जातात. खेळाडूला हुकूम देऊन पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. आदल्या दिवशी दरबारात रक्त सांडलेल्या फौजेचा सेनापती याहून अधिक खात्रीने वागू शकला नसता.

दोन्ही बाजूंना समान गुणांचे सैन्य देऊन खेळणाऱ्यांशी माझा इथे मतभेद आहे. स्पर्धेसाठी ते योग्य असेल, पण इतिहासातल्या लढाया समसमान नसतात. महिदपूरच्या डावात होळकरांनी जिंकावे अशी अट नसावी. प्रत्यक्षापेक्षा अधिक तोफा वाचवून सूर्यास्तापर्यंत सैन्य टिकवले, तर तो त्यांचा विजय मानावा. प्रतिकृतींसाठी ६ किंवा १० मिलिमीटर उंचीचे सैनिक घ्यावेत. २८ मिलिमीटरचे सैनिक देखणे असतात, परंतु तेवढ्या टेबलावर त्यांची एक पलटण उभी केली की नदीला जागा उरत नाही. जमिनीवरच्या खेळाची नुसती चव घ्यायची असेल तर १९९० मध्ये निघालेली, प्राचीन व मध्ययुगीन लढायांसाठीची डीबीए ही नियमावली पाहावी. तीत प्रत्येक बाजूला बाराच तुकड्या असतात आणि दोन फूट चौरस जागा पुरते.

रंगकामाविषयी थोडकेच सांगतो, कारण त्यावर मार्गदर्शन विपुल आहे. ॲक्रिलिक रंग वापरावेत. चित्रकलेच्या दुकानात मिळणारे देशी रंग पातळ करून दोन हातांत लावले तर चांगले बसतात. ६ मिलिमीटरच्या सैनिकाचे डोळे रंगवू नयेत; पागोटे, अंगरखा, हत्यार आणि वर एक गडद पातळ हात, एवढे पुरते. पावसाळ्याच्या दमट हवेत फवाऱ्याचा प्रायमर किंवा वॉर्निश मारू नये, पांढुरका थर चढतो आणि मग काम पुन्हा करावे लागते. इंदुरात ऑक्टोबर ते मार्च हा काळ यासाठी सर्वांत सोयीचा आहे.

राहिला तिघांचा प्रश्न. तीन ही अपुरी संख्या नसून या खेळाची मूळ संख्या आहे. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये छापलेल्या युद्धखेळात दोन बाजू आणि एक पंच अशीच रचना होती : दोन्ही सेनापती लेखी हुकूम देत, आणि कोणाला काय दिसते ते पंचच सांगे. १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्याबरोबरच्या नौदलातील तरुण स्त्रियांनी जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच जमिनीवर आखलेल्या पटावरच तपासले, आणि तिथेही खेळाडूंना पडद्याआडून मर्यादित भागच दिसे. घरची वडीलधारी मंडळी हा पोरखेळ म्हणाली तर हे उदाहरण सांगावे. पटले नाही तरी टेबल मिळते. पंचाचे काम आळीपाळीने करावे, आणि ज्याला त्या लढाईची सर्वांत जास्त माहिती आहे त्यालाच पहिल्यांदा पंच करावे, कारण शेवट ठाऊक असलेला खेळाडू नकळत इतिहासाच्या निकालाप्रमाणे वागतो.

तुमच्या नियमांची पहिली आवृत्ती चार पानांहून मोठी करू नये. प्रत्येक डावानंतर वारा कसा फिरला, कोणती पाळी रेंगाळली आणि कोणत्या नियमावर वाद झाला याची नोंद तारखेसह ठेवावी. दुरुस्त्या समासात पेन्सिलीने लिहाव्यात आणि त्या पुढच्या डावापासून लागू कराव्यात. चालू डावात वाद झाला तर फासा टाकून निकाल घ्यावा आणि खेळ पुढे न्यावा.